परतीची वाट

गोव्याचा राज्यपशू गवा. इंग्रज शिकाऱ्यांनी त्याला ‘इंडियन बायसन’ हे चुकीचे नाव दिले आणि ते आजही पुष्कळांच्या तोंडी आहे. खरा बायसन हा उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतला. त्याची गेल्या दीडशे वर्षांची कहाणी आपणही ध्यानी घ्यावी अशी आहे.

एके काळी कोट्यवधींच्या संख्येने वावरणारा हा प्राणी बेसुमार शिकारीमुळे 1890 च्या सुमारास अवघ्या हजाराच्या आत आला. त्याचा वंश टिकला तो मुख्यतः मोजक्या पशुपालकांनी राखलेल्या कळपांमुळे. परंतु त्यांच्यापैकीच टेक्सासचे चार्ल्स गुडनाइट, ‘बफेलो’ जोन्स आदींनी बायसन आणि पाळीव गुरे यांचा संकर आरंभिला. बायसनचा काटकपणा आणि गुरांचे मांस एकाच जनावरात यावे, हा हेतू. तो साधला नाही. पहिल्या पिढीचे नर वंध्य निपजत. संकरात बहुधा असे का घडते, याचा नियम जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1922 साली मांडला. हेच हाल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि 1964 साली भुवनेश्वर येथे निवर्तले. कॅनडा सरकारने चालविलेला असाच प्रयोगही त्याच वर्षी बंद पडला.

नर वंध्य असले तरी माद्या वीत होत्या. त्यांना पुन्हा बायसन वळू दाखविला म्हणजे होणारा तो परतसंकर. त्याचे गणित सोपे आहे. गुरांचा वाटा पहिल्या पिढीत निम्मा. मग सरासरीने 25 टक्के, साडेबारा, सव्वासहा असा तो घटत जातो आणि सहाव्या परतसंकरात एक टक्क्याच्या आत येतो. रूप पूर्ववत होते. वंश मात्र पूर्णतः पूर्ववत होत नाही. पेशीतील तंतुकणिका केवळ आईकडून येतात. मूळची आई गाय असेल, तर किती पिढ्या गेल्या तरी त्या मातृवंशात गायीचा तो ठसा राहतोच. असा ठसा असलेले बायसन वजनाने व उंचीने कमी भरतात, असे 2012 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. 2022 च्या अभ्यासात तर यलोस्टोनसह तपासलेल्या सर्वच कळपांत गुरांचा अंश, अल्प का होईना, सापडला. थेंबाने गेली ती हौदाने येत नाही, ती अशी.

म्हणून ते बायसन त्याज्य ठरतात काय? मुळीच नाही. लेशमात्र अंशापायी वाचलेला वंश मोडीत काढणे हा शहाणपणा नव्हे. आणि शुद्धतेचा हा हिशेब माणसांना लावण्याचा अविचार तर कोणीच करू नये. त्याची फळे जगाने भोगली आहेत. बायसनच्या कहाणीतून घ्यावयाचा धडा निराळाच आहे. परत फिरण्यासाठी मूळ जात जिवंत असावी लागते. तो हजाराच्या आतला कळप नसता, तर परतसंकर करावयाचा कोणाशी?

आता आपल्या गोठ्याकडे वळू. जर्सी व होल्स्टिन या बिनवशिंडाच्या युरोपी जातींशी आपल्या वशिंडाच्या गायींचा संकर देशाने दुधासाठी धोरण म्हणून स्वीकारला. दूध वाढले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. येथे दोन्ही लिंगे प्रजननक्षम असल्याने मागे वळणे तुलनेने सोपे आहे. पण वळण्यासाठी जातिवंत देशी वळू हवा. गोव्याच्या पांढऱ्या ‘श्वेत कपिला’ गायीची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली, ही समाधानाची गोष्ट. परंतु नोंदवहीतील जात वासरे देत नाही. चांगले वळू निवडून पाळणे, त्यांचे वीर्य गोठवून साठविणे आणि गावोगावच्या गोपालकास ते वेळेवर मिळणे, ही कामे व्हावयास हवीत. अल्प दुधाची ही गाय पदरमोड करून सांभाळणाऱ्यास केवळ शाबासकी पुरत नाही. चार पैसेही मिळावे लागतात.

‘बाप दाखव, नाही तर श्राद्ध कर’ अशी म्हण आपण विनोदाने वापरतो. गोवंशाच्या बाबतीत ती शब्दशः खरी ठरू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.