मूठ कशाची?

भांड्यांच्या दुकानात आलेले गिऱ्हाईक कढई उलटी करून तळ पाहते, टिचकी मारून आवाज घेते, वजन विचारते. मूठ हलवून पाहणारे गिऱ्हाईक विरळाच. मात्र विकलेली वस्तू परत येते ती पुष्कळदा मुठीपायी. कुकरचे पोट शाबूत असते, तव्याला काही झालेले नसते. स्क्रू सैलावलेला असतो, दांडी तडकलेली असते, नाहीतर रिव्हेटपाशी खेळू लागलेली असते. कढत आमटीचे भांडे हातात असताना मूठ फिरली, तर होणारी इजा वस्तू बदलून देऊन भरून निघत नाही. म्हणून माल निवडताना व्यापाऱ्याने मुठीचा विचार आधी करावा, आणि ती किती शोभते यापेक्षा ती कशाने दगा देईल, हे पाहावे.

जुन्या स्वयंपाकघराने हा प्रश्न मोठ्या चातुर्याने टाळला होता. तांब्या-पितळेच्या पातेल्याला मूठच नसे. काठ असे, आणि तो धरायला सांडशी. म्हणजे साऱ्या भांड्यांना मिळून एकच मूठ, तीही वेगळी ठेवलेली. कल्हई करताना पातेले चहूबाजूंनी तापवावे लागे; त्या आगीत लाकडी दांडा टिकला नसता. तांब्याचाच दांडा जोडावा, तर तांबे स्टेनलेस स्टीलच्या सुमारे २५ पट उष्णता वाहून नेते. शिवाय बिनमुठीची पातेली एकात एक बसत आणि फळीवरची जागा वाचे, ही गोष्ट दुकानदाराला निराळी सांगायला नको.

स्टेनलेस स्टील हा धातू असूनही उष्णतेचा मंद वाहक आहे. शुद्ध अॅल्युमिनियमच्या मानाने तो जेमतेम पंधराव्या हिश्श्याएवढी उष्णता पुढे नेतो. त्यामुळे अॅल्युमिनियमच्या पॅनला स्टीलची लांब, पोकळ दांडी रिव्हेटने जोडली, तर तिचे टोक बराच वेळ हाताला सोसते. कढईच्या आखूड कानांना हा लाभ मिळत नाही. ते स्टीलचे असले तरी तापतात, आणि फडक्यावाचून धरण्याचा मोह मात्र त्यांच्याच बाबतीत अधिक होतो.

मूळचे बेल्जियमचे आणि अमेरिकेत स्थायिक झालेले रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलंड यांनी फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून बेकेलाइट तयार केले. १९०७ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९०९ मध्ये ते मंजूर झाले. साधे प्लॅस्टिक तापले की मऊ पडते. बेकेलाइट साच्यात उष्णतेने व दाबाने एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. कुकर, तवे, चहाची भांडी यांच्यावर ते आले ते या एका गुणामुळे. त्याचे दोषही ठाऊक असावेत. ते ठिसूळ आहे. फरशीवर आपटले की तडकते. ज्योत थेट लागली तर वितळत नाही, पण करपते आणि खपल्या निघू लागतात. लहान भांडे मोठ्या बर्नरवर ठेवण्याची सवय मुठीच्या मुळावर येते ती अशी. मुठीच्या मुळाशी, भांड्याला लागून, धातूची टोपी बसवलेली असेल तर ज्योत तिथे अडते. दोन सारख्या दिसणाऱ्या पॅनांतून टोपीवालाच घ्यावा, चार पैसे अधिक पडले तरी. तापणे-निवणे यांच्या फेऱ्यांत स्क्रू सैल होतो. तो वेळीच आवळावा, पण जोर करून नव्हे, कारण अतिरेकाने बेकेलाइटच फुटते. कुकरची मूठ तर झाकण जागेवर धरण्याचेही काम करते. म्हणून ‘बसते’ एवढ्यावर भागवून दुसऱ्या कंपनीची मूठ विकणे बरे नाही. त्या-त्या मॉडेलची मूठच दुकानात ठेवावी.

हत्यारांचा हिशेब निराळा. तिथे उष्णता नसते, धक्का असतो. कुऱ्हाड, कुदळ, हातोडा यांना आपल्याकडे बाभळीचा दांडा घालतात. लवचिकपणासाठी धामणही नावाजलेली. सागवान दारे-खिडक्यांना उत्तम, पण वारंवार घाव सोसण्याचे काम त्याचे नव्हे. जातीइतक्याच महत्त्वाच्या लाकडातील रेषा. त्या दांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. जिथे तिरक्या होऊन बाहेर पडतात, तिथेच दांडा मोडतो. रंग फासलेल्या दांड्यावर या रेषा दिसत नाहीत, म्हणून बिनरंगी माल घेणे शहाणपणाचे. उन्हाळ्यात दांडा आकसून कुऱ्हाड ढिली झाली, की ती रात्रभर पाण्यात ठेवण्याची रीत आहे. लाकूड फुगते आणि पकड बसल्यासारखी वाटते. पण लोखंडाच्या भोकात फुगलेले तंतू चेंगरतात आणि वाळल्यावर दांडा पहिल्यापेक्षा ढिला होतो. पाचर ठोकावी, जवसाचे तेल द्यावे. पोलादी नळीचा दांडा मोडत नाही हे खरे, मात्र प्रत्येक घावाचा धक्का तो हातापर्यंत पोचवतो.

राहिला चाकू. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य आणि लाक्षावाणिज्य ही दोन्ही आहेत, आणि चाकूच्या मुठीत दोन्ही लपलेली असू शकतात. दंतवाणिज्यात दातांबरोबर हाडे व नखेही येतात. हस्तिदंत आणि सांबरशिंग यांचा व्यापार आज कायद्यानेच बंद आहे; पण उंटाच्या हाडाच्या, म्हशीच्या शिंगाच्या गुळगुळीत मुठी बाजारात येतात आणि प्लॅस्टिकसारख्या दिसतात. भिंगातून पाहिले असता हाडावर बारीक काळसर ठिपके किंवा रेघा आढळतात. प्लॅस्टिक एकसारखे असते. पात्याचे निमुळते शेपूट मुठीत तापवलेल्या लाखेने पक्के करण्याची जुनी पद्धत आहे, आणि लाख कीटकांपासून येते. लाकूडही सर्वस्वी निर्दोष नाही, वनकर्म त्याच यादीत आहे. तरी या तिघांना एका मापाने तोलणे योग्य होणार नाही. पाते टोकापर्यंत नेऊन दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या रिव्हेटने बसवलेला चाकू मिळतो, त्याला लाख लागत नाही. घाऊक व्यापाऱ्याच्या बिलावर नुसता ‘हँडल’ हा शब्द असतो. तिथे ‘लाकडी’, ‘बेकेलाइट’, ‘हाड’ असे स्पष्ट लिहून मागावे. न लिहून देणाऱ्याचा माल तूर्त बाजूला ठेवावा.