शाळेत जगाची ओळख: आपण बायकांनी काय करायचं?

गटाच्या बैठकीत शाळेचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, पोरांना धड वाचता येऊ दे आधी. जपान कुठं आणि आफ्रिका कुठं, हे कळून त्यांना काय मिळणार?" प्रश्न खरा आहे. वाचन-गणित पक्कं झालंच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण जगाची ओळख ही वाचनानंतर करायची वेगळी गोष्ट नाही. ती वाचनाला, लिहायला आणि प्रश्न विचारायला कारण देते. आज आपण हे बघू की ही ओळख वर्गात कशी करून देतात, आणि त्यात आपला गट काय करू शकतो.

लांब कशाला जायचं, आपल्याच सोलापूर जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. माढा तालुक्यात परितेवाडी नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ साली रुजू झाले. तेव्हा शाळेची इमारत पडक्या अवस्थेत होती. गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. मोबाइलनं तो चौकोन टिपला की धड्याची कविता, चित्रफीत किंवा स्वाध्याय उघडतो. पुढं राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही हे कोड आले. व्हिडिओ कॉलवरून गुरुजी मुलांना दुसऱ्या देशांतल्या जागा दाखवायचे आणि परदेशातल्या वर्गांना विज्ञानाचे प्रयोग करून दाखवायचे. त्यांचा आणखी एक उपक्रम म्हणजे ज्या देशांचं आपसात वैर आहे, तिथल्या तरुण मुलांच्या जोड्या लावणं. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन, इराक-इराण अशा जोड्या. सहा आठवडे ही मुलं एकमेकांशी बोलायची, एकमेकांची ओळख करून घ्यायची. डिसेंबर २०२० मध्ये गुरुजींना 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा दहा लाख डॉलरचा जागतिक पुरस्कार मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या दुसऱ्या नऊ शिक्षकांना वाटून दिली.

आता कुणी म्हणेल, आमच्या शाळेत तेवढी सोय नाही. नसू दे. इंटरनेटशिवाय होणारे उपक्रम खूप आहेत. पृथ्वीचा गोल किंवा भिंतीवरचा जगाचा नकाशा एवढं असलं तरी काम सुरू होतं.

पहिला उपक्रम आपल्या चुलीपाशीच आहे. प्रत्येक मुलानं घरून एक-एक जिन्नस चिमूटभर कागदात बांधून आणायचा. मिरची, शेंगदाणे, ज्वारी, मका, हिंग, हळद, चहा. गुरुजी किंवा बाई एकेक पुडी उघडतात आणि तो जिन्नस मुळात कुठला, ते सांगतात. मग मुलं नकाशावर त्या जागी कपाळाला लावायची टिकली चिकटवतात. मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, मका ही सगळी अमेरिका खंडातली पिकं. ती आपल्याकडं आली पोर्तुगीजांच्या काळात, गेल्या पाचशे वर्षांत. त्याआधी आपल्या स्वयंपाकात तिखटपणा मिऱ्यांचा होता. ज्या ज्वारी-बाजरीला आपण अगदी आपली म्हणतो, ती हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली. हिंग येतो अफगाणिस्तान-इराणकडून. चहा मूळचा चीनकडचा. वांगं आणि मिरी मात्र आपल्या भागातली.

इथं थांबायचं नाही. पुढचा प्रश्न महत्त्वाचा: "तिथली आई याचं काय करते?" मेक्सिकोत बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दगडी पाट्यावर वाटत आल्या आहेत. त्याची गोल पातळ पोळी तव्यावर भाजतात, ती तोर्तिया. सुदानमध्ये ज्वारीचं पीठ आंबवून तव्यावर पातळ पसरतात, ती किसरा. आपण तेच पीठ थापून भाकरी करतो. एक धान्य, दोन देश, दोन हातखंडे. मुलीनं हे ऐकलं की आफ्रिकेतली बाई तिला परकी वाटत नाही. आणि रोज भाकरी थापणाऱ्या आपल्या आईला किती येतं, हेही तिच्या ध्यानात येतं.

दुसरा उपक्रम शब्दांचा. फळ्यावर दहा शब्द लिहायचे आणि ते कुठून आले ते शोधायचं. चावी, पगार, बादली, घमेलं, पाव हे पोर्तुगीजांकडून आलेले. खुर्ची अरबीतून, बाजार फारसीतून. अक्का आणि अण्णा कानडीतले, आणि सोलापूरच्या लोकांना कानडी काही लांबची नाही. उलटा प्रवासही दाखवायचा. आपल्या तालुक्यात उसाची शेती आहे, म्हणून साखरेचंच घेऊ. संस्कृतातला 'शर्करा' हा शब्द फारसीत 'शकर' झाला, अरबीत 'सुक्कर' झाला आणि तिकडून युरोपात जाऊन इंग्रजीत 'शुगर' झाला. उसाच्या फडाशेजारी राहणाऱ्या पोराला हे सांगितलं, तर तो शब्द तो विसरणार नाही.

तिसरा उपक्रम घड्याळाचा, आणि यात गणितही होतं. पुठ्ठ्याची चार घड्याळं करायची. आपल्याकडं सकाळचे ११ वाजले की जपानमध्ये दुपारचे अडीच झालेले असतात. हिवाळ्यात त्याच वेळी इंग्लंडमध्ये पहाटेचे साडेपाच, आणि अमेरिकेत न्यूयॉर्कला रात्रीचे साडेबारा. एक मूल गोल फिरवतं, दुसरं बॅटरीचा उजेड पाडतं. कुठं दिवस, कुठं रात्र, हे डोळ्यांनी दिसतं.

चौथा उपक्रम तर खास आपल्या नातेपुत्याचा. दरवर्षी ज्ञानोबा माउलींची पालखी बरडवरून येते, आपल्याकडं मुक्काम करते आणि माळशिरसकडं निघते. त्या दिवसांत घरोघरी वारकऱ्यांची पंगत असते. मुलांना सांगायचं, वारी कधीच न पाहिलेल्या परदेशातल्या मुलाला दहा ओळींत वारी समजावून सांगा. 'पालखी', 'दिंडी', 'तुळस' हे शब्द त्याला माहीत नाहीत असं धरून लिहा. मोठ्यांनाही हे लिहायला सोपं नाही, करून बघा. मग मुलांना सांगायचं की जपानमध्ये शिकोकू नावाच्या बेटावर ८८ मंदिरांची यात्रा आहे, सुमारे १२०० किलोमीटरची. यात्रेकरू पांढरे कपडे घालतात, डोक्यावर टोपलीसारखी टोपी, हातात काठी. वाटेवरचे गावकरी त्यांना फळं देतात, चहा देतात. तसंच स्पेनमध्ये सांतियागो गावाला लोक आठवडेच्या आठवडे चालत जातात, त्यांची खूण म्हणजे शिंपला. चालणाऱ्याला जेवू घालावं, हे फक्त आपल्यालाच सुचलेलं नाही.

पाचवा उपक्रम आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस मूळचे सोलापूरचे, जन्म १९१० चा. चीनवर जपाननं हल्ला केला तेव्हा १९३८ साली भारतातून पाच डॉक्टर मदतीला गेले, त्यांत ते होते. तिथली भाषा शिकले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, तिथल्याच एका परिचारिकेशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते तिथंच वारले. चीनमध्ये त्यांचा पुतळा आहे, आणि सोलापुरात त्यांच्या घरी स्मारक आहे. वरच्या वर्गातल्या मुलांना प्रश्न द्यायचा: भाषा येत नसलेल्या गावात तुम्ही गेलात, तर पहिले पाच शब्द कोणते शिकाल? एखादी सहल स्मारकाला नेता आली तर उत्तमच.

आता सगळ्यांत जवळची आणि सगळ्यांत अवघड गोष्ट. जग फक्त नकाशावर नाही. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून कुटुंबं येतात, फडाशेजारी कोपी घालून राहतात. त्यांची लेकरं आपल्या शाळेत आली तर कुठं बसतात? मागं बसतात का? त्यांच्या बोलण्याला कुणी हसतं का? बंजारा घरातल्या लेकराची घरची बोली गोरमाटी असते. मेंढरं घेऊन चार-सहा महिने फिरणाऱ्या घरांतल्या पोरांना वाटा, पाणी, जनावरांची दुखणी यांचं ज्ञान असतं. ही मुलं वर्गात असताना त्यांनी पाहुण्यासारखं पुढं येऊन आपली भाषा, आपलं गाणं, आपला सण सांगावा. जपानी यात्रेकरूचं कौतुक करायचं आणि शेजारच्या बाकावरच्या कोपीवरच्या पोरीला चिडवायचं, असं होत असेल तर पहिले पाचही उपक्रम वाया गेले म्हणायचे.

थोडी सावधगिरीही हवी. 'जगातली संस्कृती' म्हणून नुसते रंगीत पोशाख घालून स्नेहसंमेलनात नाच बसवला, तर मुलं हसतात आणि विसरतात. "ते लोक असलंच खातात, तसलेच असतात," असं वाक्य वर्गात आलं की बाईंनी तिथंच थांबवून विचारावं, "का खात असतील? तिथं काय पिकतं? थंडी किती?" कारण कळलं की हसू थांबतं. आणि व्हिडिओ कॉल करायचा असेल तर तो शाळेच्या किंवा शिक्षकांच्या फोनवरून, शिक्षक समोर असताना. मुलींचे फोटो, घरचा पत्ता, फोन नंबर कुणालाही द्यायचा नाही.

आता आपलं काम. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. त्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. म्हणजे आपल्यातल्या कितीतरी जणी तिथं आहेत, पण बऱ्याच वेळा सहीपुरत्या. पुढच्या सभेला जाताना तीन गोष्टी विचारा. शाळेत पृथ्वीचा गोल आहे का, आणि असला तर कपाटात आहे की मुलांच्या हातात? महिन्यातून एक तास अशा उपक्रमाला देता येईल का? आणि बाहेरगावची लेकरं हंगामात शाळेत बसतात का? गोल नसेल तर गटानं थोडी-थोडी वर्गणी काढून घेता येतो. शिवाय आपल्यातली एखादी स्वतः वर्गात जाऊ शकते. कुणाचा मुलगा फौजेत लडाखला आहे, कुणाचा नवरा दुबईला होता, कुणी गोधडी शिवते. हे सगळं सांगण्यासारखं आहे.

हे मुलींसाठी जास्त गरजेचं आहे. सातवी-आठवीनंतर पुढची शाळा लांब पडते, घरात लग्नाच्या गोष्टी सुरू होतात, आणि मुलीला स्वतःच्या बाजूनं काय बोलावं ते सुचत नाही. नकाशाचा तास तिचं लग्न थांबवणार नाही. त्यासाठी आपल्यालाच उभं राहावं लागेल. पण बाहेर काय काय आहे हे जिला माहीत आहे, अनोळखी माणसाला प्रश्न विचारायची जिला सवय आहे, ती निदान "मला पुढं शिकायचंय, अमुक शिकायचंय" एवढं नाव घेऊन सांगू शकते. मग तिच्या मागं उभं राहणं आपल्यालाही सोपं जातं.

या महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की दहा मिनिटं हा विषय घ्या. सुरुवात पुड्यांच्या उपक्रमापासून करा, त्याला खर्च काहीच नाही.