गहूं सोडतांना

भाकरी हें सातारा जिल्ह्याचें जुनें अन्न. तरीहि वाईसारख्या गांवांतील सुशिक्षित घरांत आज रोजच्या पानावर पोळीच असते. अशा घरांत एखाद्या मुलास वारंवार जुलाब होतात, पोट फुगतें, उंची वाढत नाहीं, आणि अखेर डॉक्टर गहूं कायमचा बंद करावयास सांगतात. मातेस ही शिक्षा वाटते. वस्तुतः तेंच या विकाराचें औषध होय.

विकाराचें नांव सीलिअॅक रोग. कणकेचा गोळा पाण्यांत धूत राहिलें म्हणजे पिठूळ भाग वाहून जातो व हातांत चिवट लगदा उरतो, तो ग्लूटेन. जवांतहि त्याच जातीचीं द्रव्यें असतात. आनुवंशिक प्रवृत्ति असलेल्या कांहीं माणसांत ग्लूटेनमुळें शरीराची संरक्षक शक्ति स्वतःच्याच लहान आंतड्यावर उलटते, आणि अन्नरस शोषणारे तेथील सूक्ष्म अंकुर झिजून जातात. सॅम्युएल जी या इंग्रज डॉक्टरांनीं १८८८ सालीं रोगाचें वर्णन करून उपाय आहारांतच शोधावा असें म्हटलें. पण दोषी गहूं आहे, हें डच बालवैद्य डिके यांनीं १९५० च्या आपल्या प्रबंधांत दाखविलें.

गहूं सोडल्यावर पहिल्या कांहीं दिवसांत पुष्कळांना डोकेदुखी, थकवा, चिडचीड, सतत भूक किंवा मलावरोध जाणवतो. चहा वा तंबाखू सुटल्यावर होते तशीच ही तलफ, असें सांगण्यांत येतें. ग्लूटेनच्या पचनांतून अफूसारखे गुण असलेले अंश निघतात, असें प्रयोगशाळेंत दिसलें आहे. तथापि माणसाचा हा त्रास त्यांमुळेंच होतो, हें सिद्ध झालेलें नाहीं. कारणें बहुधा साधीं असतात. पोळीच्या जागीं थोडासा भातच आला, तर अन्न कमी पडतें. कोंडा गेल्यानें मलावरोध होतो. अंकुर भरून येईपर्यंत कांहींना दूधहि पचत नाहीं.

यावर उपाय घरांतच आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, राजगिरा व तांदूळ यांत ग्लूटेन नसतें. त्यांच्या जोडीला डाळी, पालेभाज्या व पुरेसें पाणी असावें. मात्र गव्हाच्या कुरडया, शेवया, रवा, मैदा आणि पीठ मिसळलेला हिंग यांतून गहूं नकळत पोटांत जातो. गिरणींत गव्हामागून दळलेली ज्वारीहि निर्धोक नसते. घरीं वेगळें दळावें हें उत्तम.

पोटाच्या तक्रारी बहुधा कांहीं आठवड्यांत कमी होतात. अंकुर पूर्ववत् होण्यास महिने, प्रौढांत कधीं वर्षेंहि लागतात. म्हणून पहिल्या आठवड्यांतील त्रासास कंटाळून, किंवा होळीच्या पुरणपोळीच्या मोहानें, पथ्य मोडूं नये. तसें झाल्यास रक्तक्षय, ठिसूळ हाडें व मुलांची खुंटलेली वाढ पाठ सोडीत नाहींत. त्रास वाढतच राहिला, तर डॉक्टरांस दाखवावें.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. रोगाची रक्तपरीक्षा गहूं खाण्यांत असतांनाच करावी. आधींच गहूं सोडला, तर रक्तांतील खूण फिकी पडते, आणि जन्मभराचें पथ्य खरोखर आवश्यक होतें कीं नव्हतें, याचा उलगडा होणें कठीण जातें.