मावळ्याची मान

नॉटिंगहॅमहून बहिणीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा भाच्याच्या हातात बिनडोक्याचा मावळा होता. मागे टेबलावर आणखी धडं ओळीने मांडलेली आणि शेजारी बशीत मुंडकी. "मामा, हे पानिपत आहे का?" त्याने विचारलं. पोरगा चौदा वर्षांचा, मराठी जेमतेम, पण टोमणा मारण्यापुरतं पुरेसं.

पुण्याच्या कुंभारवाड्यात तासभर उन्हात उभं राहून मी निवडलेली ती बावीस चित्रं होती. (दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायच्या बाहुल्यांना आम्ही पुणेकर चित्रं म्हणतो. चित्र कागदावरही असतं हे आम्हाला शाळेत गेल्यावर कळतं.) सिंहासनावर महाराज, ढाल-तलवारवाले मावळे, तुतारीवाला, डोक्यावर घागर घेतलेली गवळण आणि नेहमीप्रमाणे तोफेपेक्षा मोठा वाघ. प्रत्येक चित्र वर्तमानपत्रात गुंडाळलं, खोक्यात दाटीने बसवलं, चिकटपट्टीचे सात वेढे दिले आणि तीन भाषांत 'नाजूक' लिहिलं. कुणी नेलं ते सांगत नाही, कारण दोष त्यांचा नव्हता असं आता माझं मत झालं आहे. बाविसातली तेरा चित्रं तुटली होती, आणि त्या तेरातली नऊ मानेतून. तलवारी मात्र एकूण एक शाबूत होत्या.

हे मला चमत्कारिक वाटलं. तुटायचं तर तलवार आधी तुटायला हवी. मुठीतून निघालेलं काडीएवढं पातं टिकतं आणि मान जाते, हे कसं?

उत्तर कुंभारवाड्यातच मिळालं. ज्या आजींकडून चित्रं घेतली होती, त्यांनी माझं रडगाणं अर्धंच ऐकलं आणि एक मावळा उचलून माझ्या तळहातावर आडवा ठेवला. त्याची तलवार हवेत नव्हतीच. ती मांडीला चिकटलेली होती, साच्यात मांडीबरोबरच ओतलेली. ढाल छातीला टेकलेली. भालेवाल्याचा भाला तर साच्यातला नसतोच, मुठीला भोक ठेवतात आणि तारेचा तुकडा नंतर खोचतात. म्हणजे जे जे तुटण्यासारखं, ते घडवतानाच अंगाशी आणलेलं. मान तेवढी अंगाशी आणता येत नाही. वर पगडीसकट जड डोकं, खाली भरीव धड आणि मध्ये करंगळीपेक्षा बारीक जागा. खोका आपटला की धड थांबतं, डोकं पुढे जाऊ पाहतं आणि सगळा ताण त्या बारीक जागी येतो. त्यात ही चित्रं प्लास्टरची, आणि प्लास्टरचा स्वभाव असा, की दाबलं तर पुष्कळ सोसतं, वाकवलं किंवा ताणलं की लगेच तडकतं. साच्यात ओतताना हवेचा बुडबुडा अडकला तर तोही बहुधा अशाच अरुंद जागी.

आजींचं पुढचं वाक्य मी लिहून घेतलं: "चित्र उभं धाडायचं नाही, झोपवून धाडायचं." त्यांच्याकडे माल टेम्पोतून जातो तेव्हा टोपलीत पेंढ्याचा जाड थर, त्यावर चित्रं आडवी, डोकी आतल्या बाजूला, पुन्हा पेंढा. आंब्याच्या पेटीत हापूस बसतो तसा. मी सगळी उभी भरली होती, पलटणीसारखी.

मग मी या विषयाच्या मागेच लागलो. लहान माणसं घडवून ती दूर पाठवायचा उद्योग जगात जिथे जिथे झाला, तिथे घडवणाऱ्याने खोक्याचा विचार आधी केलेला दिसतो. जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गचे कारागीर याबाबतीत सगळ्यात धूर्त. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात योहान गॉटफ्रीड हिल्पर्ट तिथे कथलाचे शिपाई ओतत होता. ते शिपाई चक्क चपटे. पाटीच्या दगडात कोरलेला साचा, त्यातून निघालेला शिपाई समोरून पाहिला तर घोड्यासकट अख्खा स्वार, कडेने पाहिला तर जाड पुठ्ठ्याएवढा. चपट्या शिपायाला मान असूनही नसल्यासारखी. पत्त्यांच्या कॅटसारखे एकावर एक रचा, कागदाचा पातळ थर घाला, झालं. 1839 मध्ये त्याच गावात अर्न्स्ट हाइनरिक्सनने कारखाना काढला आणि साधारण तीस मिलिमीटर उंचीचं माप रूढ केलं. हे शिपाई लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून केलेल्या लंबगोल डब्यांत भरून वजनावर विकले जात. भाजीसारखी पावशेर फौज घ्यायची, ही कल्पनाच मला फार आवडली. हान्स अँडरसनच्या 1838 च्या गोष्टीतला एका पायाचा कथलाचा शिपाई याच काळातला. त्याचा पाय मात्र प्रवासात गेलेला नाही, कथील कमी पडलं म्हणून तो जन्मतःच तसा.

लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या घराण्याने 1893 मध्ये उलटा रस्ता धरला. गोल, भरदार शिपाई हवा, पण आतून पोकळ. वितळलेलं शिसं साच्यात ओतायचं, कडेला साय धरल्यासारखा थर जमला की उरलेलं पुन्हा बाहेर ओतायचं. धातू कमी लागतो, शिपाई स्वस्त पडतो, हलका होतो. त्यांच्या यादीत 'बॉम्बे लान्सर्स' आणि 'बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री' असेही संच होते, म्हणजे लंडनमध्ये ओतलेले आपल्या इलाख्याचे शिपाई. प्रत्येक शिपाई लाल खोक्यातल्या पुठ्ठ्यावर दोऱ्याने बांधलेला असे. दोरा शोभेचा नव्हता. शेजाऱ्याशी टक्कर होऊ नये, एवढंच त्याचं काम.

तरी या शिपायांची मान जायचीच. पोकळ शिशाचा थर तिथेच सर्वांत पातळ. मग इंग्लंडमधल्या पोरांनी उपाय काढला: काडेपेटीची काडी मोडून धडाच्या पोकळीत खोचायची आणि वरच्या टोकावर मुंडकं बसवायचं. जुन्या संग्रहांत असे काडीमानेचे शिपाई आजही सापडतात. एच. जी. वेल्सने 1913 मध्ये 'लिटल वॉर्स' हे असल्या शिपायांच्या लढाया खेळण्याचं पुस्तक लिहिलं. त्यातल्या तोफा खऱ्याखुऱ्या लाकडी गोळ्या मारत, तेव्हा काड्या पुष्कळ खपल्या असणार. शिशाची ही खेळणी ब्रिटन्सने 1966 मध्ये बंद केली.

ही काडीची गोष्ट मी भाच्याला सांगितली, तर तो म्हणाला की हे त्याला ठाऊक आहे, फक्त तो काडीऐवजी पितळेची तार वापरतो. तेव्हा मला कळलं की आमच्याकडचा तज्ज्ञ मी नव्हेच. नॉटिंगहॅम हे या छंदाचं आजचं गाव आहे. 1975 मध्ये सुरू झालेल्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय तिथेच, आणि त्यांचा 1983 चा 'वॉरहॅमर' खेळ जगभर पसरलेला. बोटाच्या दोन पेरांएवढे योद्धे विकत घ्यायचे, जोडायचे, तीन-चार केसांच्या ब्रशने त्यांचे डोळे रंगवायचे, मग पटावर लढवायचे. भाच्याच्या शाळेत त्याचा क्लब आहे. ही पोरं रंगवलेले योद्धे एकमेकांना टपालाने विकतात, म्हणून पॅकिंगबाबत त्यांची मतं पंडितांइतकी ठाम.

त्याने मला जे शिकवलं ते असं. धातूचा भाला वाकतो, पण बोटांनी सरळ होतो. दोन-तीनदा वाकला की मात्र तुटतो. राळेचा म्हणजे रेझिनचा वाकतच नाही, थेट तुटतो. प्लॅस्टिक मधलं. रंगाला आपटण्याचं भय नाही, घासण्याचं आहे. कागद आणि योद्धा एकमेकांवर हजार मैल सरकत राहिले तर नाकावरचा रंग आधी जातो. बैठकीखाली लोहचुंबक चिकटवून पत्र्याच्या डब्यात योद्धे उभे करायचे, ही युक्ती स्वतः डबा हातात धरून बसमधून जाताना उत्तम. टपालाला निरुपयोगी, कारण आपटल्यावर एक चुंबक सुटला की तो योद्धा डब्यात गोफणगुंड्यासारखा फिरतो.

आणि बबल रॅप? त्यावर त्याचा रागच होता. रोगण ओलसर असताना कुणीतरी ड्रॅगन त्यात गुंडाळला आणि पाठीवर गोल ठसे उमटले. यात एक गंमत आहे. न्यू जर्सीतल्या हॉथॉर्न गावी आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान या दोघांनी 1957 मध्ये न्हाणीघराचे दोन प्लॅस्टिकचे पडदे एकमेकांना चिकटवून मध्ये हवा कोंडली, ती भिंतीला लावायचा उठावदार कागद म्हणून. भिंतीवर तो कुणी लावला नाही. 1960 मध्ये त्यांनी सील्ड एअर कंपनी काढली आणि आयबीएमचे 1401 संगणक गुंडाळून पाठवण्यासाठी त्या फुग्यांचा उपयोग झाला, तेव्हा कुठे मालाचं चीज झालं. संगणकासाठी झकास. मावळ्यासाठी पहिलं अस्तर म्हणून नको, बाहेरचं पांघरूण म्हणून चालेल.

आता खोका. माझ्या लहानपणी पार्सल म्हणजे मांजरपाटात शिवलेलं, शिवणीवर लाखेचे ठिपके. मुंबईच्या जीपीओबाहेर पार्सलं शिवून देणारे बसत. त्या शिवणीचं काम चोरीपासून राखणं, धक्क्यापासून नव्हे, आणि मी मारलेल्या सात वेढ्यांचंही तेवढंच. 1958 मध्ये हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने होप हिरा न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला साध्या तपकिरी कागदात गुंडाळून रजिस्टर टपालाने पाठवला. खर्च 145 डॉलर 29 सेंट, त्यात तिकिटं फक्त 2 डॉलर 44 सेंटची, बाकी बहुतेक विमा. हिऱ्याला मान नसते, कागद पुरतो.

'नाजूक' लिहून काही होत नाही, हेही माझं मत झालंय. दांड्याच्या पेल्याची ती खूण आयएसओ 780 या मानकात आहे, पण पार्सल आता बराच वेळ सरकत्या पट्ट्यावरून जातं आणि पट्ट्याला वाचता येत नाही. म्हणून पॅकिंगवाले गृहीत धरतात की खोका पडणारच. त्यांची 'इस्टा 1ए' नावाची चाचणी आहे. दहा किलोच्या आतला खोका 760 मिलिमीटर उंचीवरून दहादा पाडायचा: एकदा कोपऱ्यावर, मग त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर, मग सहाही बाजूंवर. आमच्या जेवणाच्या टेबलाची उंची मोजली, साधारण तेवढीच भरली.

दुसऱ्या वर्षी पुन्हा बावीस चित्रं आणली. टिश्यू पेपरची पट्टी प्रत्येकाच्या मानेला मफलरसारखी गुंडाळत गेलो, मान डोक्याएवढी जाड होईपर्यंत. एवढं केलं की डोकं आणि धड एकच ओंडका होतो, वाकायला जागा उरत नाही. मग अख्खं चित्र टिश्यूत. वर्तमानपत्र नाही, त्याची शाई महाराजांच्या पांढऱ्या अंगरख्यावर उतरते. पुठ्ठ्याचे कप्पे करून चित्रं आडवी ठेवली. तो खोका दुसऱ्या मोठ्या खोक्यात, सगळीकडून पाच-पाच सेंटिमीटर जागा सोडून, त्या जागेत चुरगळलेला जाड कागद आणि फुग्यांचं पांघरूण. कानाशी हलवून पाहिलं. आतून काही खुडखुडलं की पुन्हा उघडायचं, हा नियम. तीनदा उघडलं. मग टेबलावरून दहा वेळा पाडलं. सहाव्या आपटीला खालच्या मजल्यावरचे काका वर आले. त्यांना मी आयएसओ आणि इस्टा समजावून सांगितलं. ते काही न बोलता गेले. उघडलं तर गवळणीची घागर तुटलेली. कोपरात आणि घागरीत हवा सुटली होती, तिथे मी कागद भरलाच नव्हता. घागर चिकटवून जागा भरली.

एक हिशेब आधीच करून ठेवा. कुरिअरवाले वजन दोन तऱ्हांनी पाहतात आणि जास्त असेल ते लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा 5000 ने भागतात. माझा बाहेरचा खोका सगळीकडून तीस सेंटिमीटरचा, म्हणजे 5.4 किलो. काट्यावर तो दोन किलोही नव्हता. हवेचे पैसे भरावे लागतात आणि ते वाचवायला गेलं की माना जातात. पेंढा मात्र परदेशी पाठवू नका. ऑस्ट्रेलियासारखे देश पेंढ्याचं पॅकिंग आत येऊ देत नाहीत. अळिवाची पुडीही काढून ठेवा. किल्ल्यावर पेरायचं ते बियाणं, आणि बियाणं म्हटलं की वनस्पती-आरोग्याचा दाखला आला. ब्रिटनमध्ये 39 पौंडांपर्यंतच्या भेटवस्तूवर आयातकर लागत नाही, पण फॉर्मवर वस्तू आणि किंमत नीट लिहायला हवी. मी 'मावळे' लिहिलं होतं, खिडकीतल्या बाईंनी ते खोडून 'मातीची खेळणी' करायला लावलं. आणि दसऱ्याची वाट पाहू नका. 2025 मध्ये अमेरिकेचे करनियम बदलल्यामुळे आपल्या टपालखात्याने तिकडची सेवा 25 ऑगस्टपासून थांबवली होती. ती पूर्ववत झाली 15 ऑक्टोबरला, तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती.

पेणच्या लोकांना हे सगळं कधीचंच ठाऊक आहे. परदेशी जाणारे गणपती तिथून कंटेनरमध्ये भरून काही महिने आधी निघतात. घरी मूर्ती आली की एकदा नीट पाहा: सोंड पोटाशी किंवा हाताशी टेकलेली असते. शाडूची मोकळी सोंड एवढा प्रवास करणार नाही. मोकळी राहतात ती आशीर्वादाच्या हाताची बोटं, म्हणून मूर्ती उचलताना घरातली वडील माणसं त्या हाताकडेच लक्ष ठेवायला सांगतात.

माझं पार्सल सतरा दिवसांनी पोचलं. एक कोपरा चेपलेला होता. बाविसातली एकवीस चित्रं धड निघाली, घागरीसकट. फक्त तुतारीवाल्याची मान गेली. तुतारी वर उचललेली असल्यामुळे मफलर एका बाजूला सैल राहिला होता. भाच्याने हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने दोन्हीकडे भोक पाडलं आणि या वेळी पितळेची तार न वापरता काडेपेटीची काडी घातली.