सिकलसेल ‘पॉझिटिव्ह’? थांबा, दुसरी तपासणी बाकी आहे

आरोग्य शिबिरात बोट टोचून रक्ताचा थेंब घेतात. थोड्या वेळाने कागदावर लिहून मिळते, ‘सिकलसेल पॉझिटिव्ह’. घरात रडारड सुरू होते, शेजारी कुजबुज होते. मुलगी लग्नाची असेल तर सोयरीक मोडायला हा एक शब्द पुरतो. पण वाचकहो, या शब्दाचा अर्थ ‘आजारी’ असा नाही. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत आपल्या आणि आदिवासी समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो. म्हणून ही तपासणी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे घराघरात माहीत हवे.

तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन शरीरभर प्राणवायू पोहोचवते. नेहमीचे हिमोग्लोबिन ‘ए’, तर सिकलसेलचे ‘एस’. आई आणि वडील यांच्याकडून आपल्याला एकेक जनुक मिळते. एकाकडून ‘ए’ आणि दुसऱ्याकडून ‘एस’ आले तर ती व्यक्ती ‘एएस’, म्हणजे वाहक. वाहकाला सहसा कोणताही त्रास होत नाही. दोघांकडून ‘एस’ आले तर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. रुग्णाच्या पेशी प्राणवायू कमी झाला की विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात.

शिबिरात होते ती सोल्युबिलिटी चाचणी. नळीतील द्रावणात रक्ताचा थेंब टाकतात. त्यातील रसायन पेशी फोडते आणि हिमोग्लोबिनमधला प्राणवायू काढून घेते. ‘ए’ विरघळलेले राहते. ‘एस’ विरघळत नाही, द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात. चाचणी स्वस्त आहे, लवकर होते. पण द्रावण वाहकाचेही गढूळ होते आणि रुग्णाचेही. दोघांतला फरक ती सांगू शकत नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळात ‘एस’ अजून कमी असते, त्यामुळे निकाल खोटा ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. रक्त फार कमी असेल किंवा नुकतेच रक्त चढवले असेल तेव्हाही असे घडते.

फरक सांगते ती दुसरी तपासणी, इलेक्ट्रोफोरेसिस. हिमोग्लोबिनचा नमुना पट्टीवर ठेवून विजेचा प्रवाह सोडतात. ‘ए’ पुढे सरकते, ‘एस’ मागे राहते. रुग्णाच्या पट्टीवर ‘ए’ची रेघ नसते, वाहकाच्या पट्टीवर ‘ए’ आणि ‘एस’ अशा दोन्ही रेघा उमटतात. अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 साली याच तत्त्वाने दाखवून दिले की हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतील बदलाचा आहे. पुढे व्हर्नन इंग्रॅम यांनी तो बदल नेमका शोधला. 146 अमिनो आम्लांच्या साखळीतले फक्त सहावे आम्ल बदललेले असते.

आता अनेक ठिकाणी एचपीएलसी यंत्र वापरतात. ते प्रत्येक हिमोग्लोबिनचे प्रमाण टक्क्यांत देते. वाहकात साधारणपणे ‘एस’ 30 ते 40 टक्के आणि ‘ए’ त्याहून जास्त असते. आईकडून सिकलसेल आणि वडिलांकडून थॅलेसेमिया, किंवा उलट, असा मिश्र आजारही यातून लक्षात येतो. नवजात बाळाची तपासणीही या यंत्रावर होते.

म्हणून ‘पॉझिटिव्ह’ कागद हाती आला तर घाबरू नका आणि तिथेच थांबूही नका. आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारा, ‘एएस की एसएस?’ पक्क्या तपासणीचा लेखी अहवाल मागून घ्या आणि जपून ठेवा. गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवले असेल तर रक्त देण्यापूर्वीच तसे सांगा. भावंडांचीही तपासणी करून घ्या. रुग्ण आढळल्यास नियमित उपचार सुरू करा. हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने वेदनांचे झटके कमी होतात.

लग्न ठरवताना दोन्ही बाजूंचे अहवाल पाहा. एक वाहक आणि दुसरा ‘एए’ असेल, तर मुले सिकलसेलचे रुग्ण होत नाहीत. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. अशा जोडप्याने आधीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गर्भाची तपासणीही करता येते. मात्र तपासायचे ते दोघांनीही. फक्त मुलीचा अहवाल मागणे हा अन्याय आहे.

आणि हा काही रक्ताचा कलंक नव्हे. ज्या प्रदेशांत मलेरिया फार होता, तिथे वाहकांना गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळाले आणि हे जनुक पिढ्यान्पिढ्या टिकले. आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येही ते आढळते. यात लपवण्यासारखे काही नाही. लपवल्याने नुकसान होते ते पुढच्या बाळाचे.