परगांवीं राहून घरचा स्वागतसमारंभ

शिक्षणाच्या वा नोकरीच्या निमित्तानें चंद्रपूर-गडचिरोलीकडील किती तरी मुलें-मुली आज पुण्या-मुंबईस किंवा परदेशीं राहतात. विवाहही पुष्कळदां तिकडेच होतो. मग ज्या आजी-आजोबांस व शेजाऱ्यांस इतका प्रवास झेपला नाहीं, त्यांच्यासाठीं गांवीं एक स्वागतसमारंभ करावा, असें ठरतें. हेतु उत्तम, परंतु सारें कार्य दूरध्वनीवरून कंत्राटदाराच्या स्वाधीन केलें, कीं घरचीं वडील मंडळी आपल्याच अंगणांत पाहुणी होतात. हें टाळावें म्हणून चार गोष्टी सुचवितों.

पहिला विचार दिवसाचा. इकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास महाकालीच्या यात्रेमुळें उतरण्यास जागा मिळणें दुर्घट होतें. हिंवाळा सर्वांत बरा. पौषांत विवाहमुहूर्त नसल्यानें कार्यालयें मोकळीं असतात. मात्र तो महिना घरांतील वडिलांस चालतो कीं नाहीं, हें आधीं विचारावें. दूरच्या पाहुण्यांस विमानानें नागपूर व तेथून सुमारें १५० किलोमीटर रस्ता, हें पत्रिकेंतच कळवावें. ताडोबा पाहण्याची इच्छा बहुतेकांस असते. १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालेलें हें वन मंगळवारीं बंद असतें. म्हणून समारंभ सोमवारीं ठेवूं नये.

भोजनांत परक्या पदार्थांची गर्दी कशाला? वडाभात, कढी आणि हिंवाळी सांबारवडी यांनींच गांव ओळखूं येतें. भातही येथलाच असावा. नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवचे दादाजी खोब्रागडे (निधन २०१८) यांनीं आपल्या शेतांतील निराळ्या लोंब्या निवडून एचएमटी हें वाण सिद्ध केलें व त्यास मनगटी घड्याळाचें नांव दिलें. पानाशेजारीं एवढी हकीकत लिहून ठेवली, तरी परगांवच्या पाहुण्यांस घास अधिक गोड लागेल.

करमणुकीस झाडीपट्टीच्या कलावंतांकडून तासभर नाट्यपदें ऐकावीं. मात्र दिवाळीपासून होळीपर्यंत त्यांचीं रात्रभर चालणारीं नाटकें गांवोगांवीं लागलेलीं असतात; यास्तव वडसा येथील मंडळींशीं बोलणें पावसाळ्यांतच करावें. परतभेटीस इकडच्या कारागिरांच्या हातची बांबूची परडी शोभून दिसते.

आतां कामाची वांटणी. निमंत्रितांची यादी, मानपान व जेवणाचा बेत घरच्या वडिलांचा; करमणूक, छायाचित्रें व दूरच्यांची सोय वधूवरांची; पैसा व पावत्या गांवांतील एकाच विश्वासू चुलतभावाकडे. इसार देतांना ठरलेलें सर्व कागदावर असावें. समारंभापूर्वीं दोन महिने वधूवरांनीं एकदां स्वतः येऊन जागा पाहावी, आचाऱ्याच्या हातचें जेवून पाहावें. ज्येष्ठांचा शब्द खालीं पडूं नये आणि तरुणांची हौसही राहूं नये, याला हा एकच मार्ग आम्हांस दिसतो.

शेवटीं एक विनंती. नवदांपत्यानें उंच व्यासपीठावर तासन् तास उभें राहूं नये; पंक्तींतून फिरावें, वृद्धांपाशीं बसावें. आणि जे अंथरुणास खिळलेले आहेत, त्यांच्या घरीं सकाळींच जाऊन नमस्कार करावा व पान पोंचवावें. समारंभ मूळ त्यांच्याचकरितां योजिला होता.