किल्लारीचा बोअर आणि सिरोंच्याचा चुनखडक

धाराशिव जिल्ह्यात विहीर खणली की मुरूम लागतो, त्याखाली काळा पाषाण. हा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांनी बनला. धाराशिव लेणी त्यातच कोरली आहेत. लाव्हात हाडं टिकत नाहीत, आणि डायनोसॉरांचा ज्युरासिक काळ तर त्याहून जुना; म्हणून तो शोधायचा तर या थरांच्या खाली जायला हवं.

तसं खरंच जाता आलं, पण कारण दुःखद होतं. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानं किल्लारीबरोबर उमरगा-लोहारा भागातली गावंही जमीनदोस्त केली. त्यानंतर कारणं शोधण्यासाठी किल्लारीत ६१७ मीटर खोल बोअर घेतला गेला. ३३८ मीटरपर्यंत लाव्हाच. मग जेमतेम आठ मीटर गाळाचा खडक, आणि त्याखाली थेट अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचे स्फटिकमय खडक. मला हा बोअर फार बोलका वाटतो. दोन अब्जांहून अधिक वर्षांच्या हिशोबात गाळ उरला तो एवढाच! बाकीच्या काळात इथं गाळ साचला नाही, किंवा साचलेला वाहून गेला. डायनोसॉर या भागातून फिरलेच नसतील असं नाही; पण जीवाश्म व्हायला नुसतं जनावर मरून भागत नाही, त्याला पुरणारी खचती जमीनही लागते.

तशी जमीन आपल्याच राज्यात आहे. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात भूकवच ताणलं गेलं, एक लांब पट्टा खचत राहिला आणि नद्या त्यात कोट्यवधी वर्षं वाळू-चिखल ओतत राहिल्या. चंद्रपूरचा कोळसा याच पट्ट्यातल्या जुन्या थरांतला. गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात कोटा नावाचं गाव आहे. त्याच्या नावानं ओळखला जाणारा 'कोटा' खडकसमूह ज्युरासिक काळातला, सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीचा.

त्यातला चुनखडक गोड्या पाण्याच्या तळ्यांत साचला. जाड चकचकीत खवल्यांचा इथला मासा, लेपिडोटस डेक्कनेन्सिस, १८५१मध्येच शास्त्राच्या नोंदीत आला. डायनोसॉरांची हाडं मात्र चुनखडकाच्या खालच्या वाळूखडकात आणि चिखलखडकात आहेत. सीमेपलीकडे, आजच्या तेलंगणातल्या पोचमपल्लीजवळ, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांना सुमारे तीनशे हाडं मिळाली. निदान सहा प्राण्यांची. मांडीचं एक हाड तर माणसाच्या उंचीचं. खोदकामाच्या काळातच, १९६१मध्ये, रवींद्रनाथांची जन्मशताब्दी होती. म्हणून १९७५मध्ये या शाकाहारी प्राण्याचं नाव ठरलं बारापासॉरस टागोराय. दात मिळाले, कवटी मिळालीच नाही. हाडांची विखुरलेली मांडणी पाहून संशोधकांचा अंदाज आहे की कळप महापुरात सापडला असावा.

याच खडकांतून कोटासॉरस हा दुसरा शाकाहारी डायनोसॉरही आला. त्याचं वर्णन १९८८मध्ये झालं. बारापासॉरसचा सांगाडा कोलकात्यात उभा आहे, कोटासॉरसचा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात. आपल्याकडे सिरोंचा तालुक्यात वडधमला वनविभागाचं जीवाश्म उद्यान आहे. मराठवाड्यातल्या शाळांनी एक सहल तिकडे न्यावी, असं मला मनापासून वाटतं. आणि या खडकांत केवळ महाकाय प्राणीच नाहीत: बारापासॉरसच्याच खडकसमूहात कोटाथेरियम या इवल्या सस्तन प्राण्याचा दातही सापडला आहे, आणि असे दात चिखलखडक पाण्यात भिजवून, सुटा करून, बारीक चाळणीतून गाळूनच हाती लागतात.